जंगली महाराज रस्ता: दहा वर्षांची हमी आणि तिच्यामागचे काम

पुण्यात पहिला दमदार पाऊस झाला की खड्ड्यांची चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेत जंगली महाराज रस्त्याचे नाव निघतेच. डेक्कन आणि शिवाजीनगर यांना जोडणारा हा दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता. संभाजी उद्यान, बालगंधर्व रंगमंदिर, पाताळेश्वर लेणे आणि ज्यांच्या नावाने रस्ता ओळखला जातो त्या जंगली महाराजांचे मंदिर, सगळे याच रस्त्यावर. १ जानेवारी १९७६ रोजी नव्याने बांधलेला हा रस्ता महापालिकेच्या ताब्यात आला. कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. दहा वर्षे सरली, पुढची काही दशकेही गेली, तरी रस्ता शाबूत राहिला.

एवढ्या वर्षांत या रस्त्याभोवती एक दंतकथा तयार झाली आहे: रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या पारशी बंधूंचे काही गुपित होते, डांबरात काहीतरी मिसळले होते. ही दंतकथा घातक वाटते. गुपित होते असे एकदा मानले की बाकीच्या रस्त्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचा जाब कोणाला विचारायचा हा प्रश्नच उरत नाही. प्रत्यक्षात या रस्त्याचे यश समजावून सांगता येते, आणि ते कोणत्याही शहरात पुन्हा करता येते.

कामाची सुरुवात

१९७२च्या दुष्काळानंतर १९७३चा पावसाळा जोराचा झाला आणि पुण्यातले रस्ते उखडले. त्या काळी शहरातले बहुतेक डांबरीकरण हाताने होई. रस्त्याच्या कडेला पिंपात डांबर तापवायचे, पसरलेल्या खडीवर झारीने ओतायचे, वर कच टाकून रोलर फिरवायचा. या पद्धतीत खडी थंड आणि बऱ्याचदा धुळीने माखलेली असते. डांबर वरून खाली जिरेल तेवढे जिरते. एका खड्याला जाड थर मिळतो, शेजारचा कोरडाच राहतो.

महापालिकेच्या स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी एक साधा प्रश्न विचारला. पुण्यात पाऊस पडतो सुमारे ७०० मिलिमीटर, मुंबईत दोन हजारांच्या वर. मग तिथले रस्ते टिकतात कसे? त्या शोधात रेकॉन्डो ही मुंबईची कंपनी सापडली. ती हॉटमिक्स पद्धतीने काम करत होती. खडी आणि डांबर दोन्ही प्लांटमध्ये तापवून, मोजून, एकत्र घोटून गरम माल जागेवर आणायचा आणि गरम असतानाच दाबायचा. कंपनीने दहा वर्षांत खड्डा पडल्यास स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची तयारी दाखवली. सुमारे १५ लाख रुपयांचे हे काम निविदा न काढता दिले गेले. सार्वजनिक पैशाच्या कामात निविदा टाळणे ही पद्धत म्हणून स्वीकारता येणार नाही. पण त्या करारातली हमी मात्र निविदेच्या चौकटीतही सहज बसते, आणि शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे.

हमीने नेमके काय बदलते

आकडे मांडून पाहू. १ किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद रस्त्यावर ४० मिलिमीटर जाडीचा बिटुमिनस काँक्रीटचा, म्हणजे खडी आणि डांबराच्या दाट मिश्रणाचा, वरचा थर टाकायचा आहे. क्षेत्रफळ ७,००० चौरस मीटर, घनफळ २८० घनमीटर. दाबलेल्या मालाची घनता घनमीटरला २.४ टन धरली तर ६७२ टन माल लागतो, म्हणजे १६ टनी डंपरच्या ४२ खेपा. या बारीक खडीच्या मिश्रणात वजनाच्या ५.४ टक्के डांबर लागते. ते होते सुमारे ३६ टन.

आता कंत्राटदाराने डांबर अर्धा टक्का कमी घातले तर जवळजवळ साडेतीन टन डांबर वाचते. ताज्या रस्त्याकडे पाहून हे कोणालाही कळणार नाही. तो तितकाच काळाकुळकुळीत दिसेल. पण खडीवरचा डांबराचा पापुद्रा पातळ झालेला असतो. पातळ पापुद्रा उन्हाने आणि हवेने लवकर कडक होतो, ठिसूळ होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कच सुटायला लागते आणि दुचाकी घसरायला लागतात. दोष-दायित्वाची मुदत, म्हणजे दोष निघाल्यास कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ, दोन-तीन वर्षांची असेल तर ही बचत कंत्राटदाराच्या खिशात जाते आणि नुकसान शहराच्या पदरी पडते. मुदत दहा वर्षांची असेल तर वाचवलेले साडेतीन टन त्यालाच कितीतरी पटीने परत मोजावे लागतात. हमीचा खरा उपयोग हा आहे. खड्डा बुजवून मिळणे ही दुय्यम गोष्ट. प्लांटवरचा माणूस डांबराचा काटा योग्य जागी ठेवतो, ही मुख्य.

खालची जमीन आणि पाण्याची वाट

रस्त्याचा वरचा थर सगळ्यांना दिसतो, पण रस्ता उभा असतो खालच्या थरांवर. पाताळेश्वर लेणे जमिनीच्या पातळीखाली अखंड कातळात कोरलेले आहे. म्हणजे या भागात कातळ फार खोल नाही, आणि रस्त्याच्या दृष्टीने ही मोठी देणगी आहे. काळ्या मातीवर रस्ता बांधणाऱ्यांना हे सुख नसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिजल्यावर तिची भारक्षमता, सीबीआर या मापात, दोन-तीन टक्क्यांवर येते. चांगला दाबलेला मुरूम तिच्या कितीतरी पट भार घेतो. काळ्या मातीवर तेवढीच वाहतूक पेलायची तर खालचे थर बरेच जाड करावे लागतात. पुष्कळ ठिकाणी ते केले जात नाहीत आणि दोष डांबराला दिला जातो.

दुसरी देणगी नदीची. रस्ता मुठेच्या काठाला जवळजवळ समांतर जातो आणि जमीन नदीकडे उतरते. पावसाच्या पाण्याला लांबचा प्रवास नाही. मात्र नैसर्गिक उतार असला तरी रस्त्याला स्वतःचा कॅम्बर, म्हणजे मध्यापासून कडांकडे उतार, लागतोच. ७ मीटर रुंदीला दोन्हीकडे अडीच टक्के उतार द्यायचा तर मध्यरेषा कडेपेक्षा सुमारे ८८ मिलिमीटर उंच हवी. ही उंची डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्याला पुरते.

खड्डा कसा पडतो ते जवळून पाहिले की पाण्याला एवढे महत्त्व का ते पटते. आधी केसासारखी भेग पडते. तिच्यातून पाणी आत जाते. बसचे चाक त्यावरून गेले की अडकलेल्या पाण्यावर क्षणभर दाब येतो. चाक पुढे गेले की पाणी परत ओढले जाते. दिवसातून हजारो वेळा हा पिचकारीसारखा मारा चालतो आणि खडी व डांबर यांच्या मधल्या फटीत पाणी शिरते. भेगेच्या कडेला चिखलाचा पांढुरका डाग दिसू लागला की समजावे, खालच्या थरातली बारीक माती पाण्याबरोबर वर येते आहे. अशा जागचा एखादा सुटा खडा हातात घेऊन पाहावा. एका बाजूला काळे डांबर, दुसऱ्या बाजूला धुतल्यासारखा स्वच्छ करडा दगड. डांबर संपलेले नसते, ते सुटलेले असते. आपल्याकडचा बसाल्ट डांबराला तसा चांगला धरतो, ग्रॅनाइटपेक्षा बरा. पण खडी धुळीने माखून प्लांटमध्ये गेली किंवा नीट वाळली नाही, तर बसाल्टही हात टेकतो.

पुनर्पृष्ठीकरण: खरवडण्यापासून वाहतूक सोडेपर्यंत

कितीही चांगला रस्ता असला तरी वरचा थर कधीतरी बदलावाच लागतो. डांबर म्हातारे होते. शहरातल्या रस्त्यावर हे काम करताना पहिला नियम असा: जितके घालायचे तितके आधी काढायचे.

हा नियम मोडला की काय होते ते जुन्या पेठांमधून चालताना दिसते. दर वेळी ४० मिलिमीटरचे कार्पेट जुन्यावरच चढवले, असे तीनदा झाले की रस्ता १२० मिलिमीटर वर येतो. १५० मिलिमीटर उंच कर्बस्टोनचे फक्त ३० मिलिमीटर उरतात. पावसाळी गटाराच्या जाळ्या खड्ड्यात जातात, चेंबर विहिरीसारखी दिसतात आणि पाणी गटाराऐवजी दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या दारात शिरते. मग दुकानदार उंबऱ्यासमोर सिमेंटचा बांध घालतो आणि ते पाणी परत रस्त्यावरच साचते. पाणी साचले की पुढचा खड्डा ठरलेला.

म्हणून मिलिंग मशीनने ४० ते ५० मिलिमीटर खरवडायचे. खरवडलेला माल फेकायचा नसतो. त्यातली खडी आणि जुने डांबर प्रमाणात नव्या मिश्रणात वापरता येते. खरवडल्यावर जो पृष्ठभाग उघडा पडतो तोच निदानाचा क्षण असतो. कुठे मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसल्या तर तिथे दोष खालच्या थरात आहे. ती जागा चौकोनी कापून, मजबूत थर लागेपर्यंत खणून, डीबीएम (वरच्या थराखाली वापरायचे जाड खडीचे डांबरी मिश्रण) भरून दाबावी लागते. वरून नुसते कार्पेट टाकले तर वर्षभरात तीच जाळी वर उमटते. वेळापत्रकाच्या घाईत ही पायरी सर्वात जास्त गाळली जाते, आणि नव्या रस्त्याला वर्षभरात पडणाऱ्या खड्ड्यांचे हे मोठे कारण आहे.

मग सफाई. मिलिंगच्या खाचांमध्ये पीठ बसलेले असते. यांत्रिक झाडू आणि हवेचा झोत मारून ते काढायचे. त्यावर टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा इमल्शनचा (पाण्यात बारीक कणांनी मिसळलेल्या डांबराचा) पातळ फवारा, चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो. आपल्या ७,००० चौरस मीटरला सुमारे पावणेदोन टन. फवारल्यावर रंग तपकिरी असतो. इमल्शन फुटून पाणी वेगळे झाले की तो काळा होतो. तपकिरी असतानाच डंपर त्यावर नेला तर टायर सगळा टॅक कोट उचलून नेतात आणि नेमक्या चाकांच्या पट्ट्यात दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत. पुढे ब्रेक लागतात त्या जागी, म्हणजे सिग्नलला आणि बसथांब्याला, वरचा थर चादरीसारखा सरकतो.

माल येतो तेव्हा तापमापी हातात हवी. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण प्लांटमधून १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघावे, पसरताना किमान १४० अंश असावे आणि रोलर फिरून होईपर्यंत ९० अंशांच्या खाली जाऊ नये. ताडपत्री बाजूला केल्यावर निळसर धूर भरपूर निघाला तर माल जास्त तापून डांबर जळाले आहे असे समजावे. वर साय धरल्यासारखे कडक ढेकूळ दिसले तर तो वाटेतच निवला आहे. दोन्ही प्रकारचा डंपर परत पाठवायचा. शहरातल्या कामात ट्रॅफिकमध्ये अडकलेला डंपर ही नेहमीची अडचण, म्हणून हे काम रात्रीच करावे. ट्रॉलीला माल चिकटू नये म्हणून डिझेल मारण्याची सवयही मोडायला हवी; डिझेल डांबराला पातळ करते.

पेव्हर, म्हणजे माल पसरणारे यंत्र, त्याचा वेग आणि डंपरचा ताळमेळ हा हिशोब कागदावर आधीच मांडावा. एका वेळी साडेतीन मीटर पट्टा पसरायचा तर दर मीटर लांबीला सुमारे ३३६ किलो माल लागतो. पेव्हर मिनिटाला ४ मीटर चालला तर १६ टनांचा डंपर १२ मिनिटांत संपतो. म्हणजे दर १२ मिनिटांनी पुढचा डंपर दारात हवा. तो नसेल तर पेव्हर थांबतो, त्याच्या पाट्याखालचा माल निवतो आणि तिथे आडवा उंचवटा कायमचा राहतो. प्लांटची क्षमता कमी असेल तर पेव्हर हळू चालवावा, पण चालता ठेवावा. ४० मिलिमीटर दाबलेली जाडी हवी असेल तर पसरताना ती ५० च्या आसपास ठेवावी लागते.

रोलरवाल्याच्या हाती यानंतर दहा-पंधरा मिनिटेच असतात, थंडीतल्या रात्री त्याहून कमी. पातळ थर भराभर निवतो. आधी ८ ते १० टनी रोलर, पेव्हरच्या अगदी पाठोपाठ. मग रबरी टायरचा रोलर, जो खडीला मळल्यासारखा घट्ट बसवतो. शेवटी ६ ते ८ टनी टँडेम रोलरने चाकाच्या खुणा पुसायच्या. फिरवायची दिशा खालच्या कडेकडून वरच्या मध्याकडे. मिश्रणाच्या आराखड्यात हवेची पोकळी ३ ते ५ टक्के धरलेली असते. जागेवर ताज्या थरात ७-८ टक्क्यांपर्यंत चालते. ती १० टक्क्यांच्या पुढे गेली की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रस्ता पाणी पिऊ लागतो. हे तपासायला दुसऱ्या दिवशी कोअर, म्हणजे थराचे दंडगोल नमुने, कापायचे, जाडी आणि घनता दोन्ही मोजायची, आणि कापलेले भोक त्याच दिवशी भरायचे. ३ मीटरची सरळ पट्टी ठेवून खळगेही बघावेत. रात्री केलेल्या पट्ट्यावर पृष्ठभाग ६० अंशांच्या खाली आल्याशिवाय वाहतूक सोडू नये, नाहीतर पहाटेच्या पहिल्या बसगाड्याच त्यात चाकोऱ्या पाडतात.

उभा सांधा हा दोन पट्ट्यांमधला कच्चा दुवा. जुन्या पट्ट्याची कड सरळ कापून तिला टॅक कोट लावायचा आणि सांधा चाकांच्या मार्गात येऊ द्यायचा नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या मधोमध सरळ रेषेत खड्ड्यांची माळ दिसली तर ती बहुधा याच सांध्यावर असते.

चेंबर आणि चर

चांगला थर टाकूनही रस्ता हरतो तो या दोन जागी. चेंबरची चौकट विटांच्या तुकड्यांवर आणि उरलेल्या मालावर टेकवली जाते. सहा महिन्यांत ती बसते आणि प्रत्येक चाक तिथे आदळते. योग्य रीत अशी: चौकटीभोवती गोल किंवा चौकोन कापायचा, चौकट रस्त्याच्या उताराला धरून नेमक्या उंचीवर आणायची, खाली आणि भोवती लवकर घट्ट होणारे काँक्रीट भरायचे आणि ते पक्के होईपर्यंत बॅरिकेड हलवायचे नाही.

चराचे दुखणे याहून मोठे. पाण्याची, विजेची, केबलची, गॅसची अशा किती वाहिन्या रस्त्याखालून जातात. ६० सेंटिमीटर रुंद चर खोदला की दोन्ही बाजूंची जमीनही आतल्या बाजूला सैल होते. तीच माती लोटून वर डांबराचे ठिगळ मारले तर पहिल्या पावसात चर खचतो आणि रस्त्यावर लांबच लांब नाला तयार होतो. चर खडीयुक्त मालाने भरायचा, एका वेळी १५० मिलिमीटरपेक्षा जास्त थर नको, प्रत्येक थर पाणी देऊन यंत्राने दाबायचा. वरचा डांबरी थर चराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना सुमारे २०० मिलिमीटर जास्त कापायचा, म्हणजे नवा थर न हललेल्या जमिनीवर टेकतो. आडव्या छेदात ही आकृती इंग्रजी टी अक्षरासारखी दिसते.

जंगली महाराज रस्ता या बाबतीतही सुदैवी ठरला. मेट्रोची वनाज ते रामवाडी मार्गिका याच भागातून जाते, पण तिचे खांब आणि डेक्कन जिमखाना व छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके नदीच्या बाजूने गेली. रस्त्याच्या मधोमध खांब आले नाहीत. २०१६ नंतर पदपथ रुंद करण्याचे काम झाले ते मुख्यतः कडेच्या पट्ट्यात. वाहिन्या अशा रुंद पदपथाखाली डक्टमधून नेल्या, तर वाहतुकीच्या भागाला हात लावायची गरजच उरत नाही.

हमी करारात उतरवताना

दहा वर्षांची हमी नुसती लिहून चालत नाही. पहिल्याच पावसात कंत्राटदार म्हणेल की खड्डा जलवाहिनीच्या चरामुळे पडला, आणि त्याचे म्हणणे खरेही असेल. म्हणून ताबा घेतानाच दर ५० मीटरला उतार, पातळी आणि थराची जाडी मोजून दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नोंदवावी. प्रत्येक खोदाईची परवानगी देताना जागा, लांबी, तारीख नकाशावर चढवावी आणि चर त्याच कंत्राटदाराकडून, खोदणाऱ्या संस्थेच्या खर्चाने भरून घ्यावा. तरच त्याची जबाबदारी तुटत नाही. अनामत रक्कम एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडावी, आणि शेवटचा मोठा हिस्सा सातव्या वर्षानंतर, कारण थकव्याच्या, म्हणजे वारंवार पडणाऱ्या भाराच्या, भेगा तिथून पुढे दिसू लागतात.

कामाची वेळही करारात हवी. अंदाजपत्रक मंजूर होऊन कार्यादेश निघेपर्यंत मे उजाडतो आणि वळवाच्या सरी चुकवत, ओल्या पृष्ठभागावर घाईने थर टाकले जातात. नोव्हेंबर ते मार्च हा पुण्यासाठी योग्य काळ आहे. रात्री माल लवकर निवतो एवढी एकच अडचण. ती रोलर वाढवून सोडवता येते. मेमध्ये फक्त भेगा भरणे, जाळ्या साफ करणे आणि चेंबर तपासणे एवढीच कामे ठेवावीत. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासाने कनिष्ठ अभियंत्याने रस्ता पायी फिरून जिथे पाणी थांबले आहे त्या प्रत्येक जागेभोवती खडूने रेघ ओढावी. पुढच्या हंगामातल्या दुरुस्तीची यादी तिथेच तयार होते.